जेम्स लेमेनला जेफरसनची चिठ्ठी कशाला हवी?

कुरणवासी
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या पहिल्या बाप्टिस्ट (मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबाबद्दल वाचतोय आणि घरी ऐकायला कुणी तयार नाही, म्हणून धागा काढतो.

जेम्स लेमेनचा जन्म १७६० चा, व्हर्जिनियात हार्पर्स फेरीजवळ. स्वातंत्र्ययुद्धात सैनिक होता. बायको कॅथरीन, कॅप्टन जोसेफ ओगल यांची लेक. १७८६ मध्ये बिऱ्हाड उचलून इलिनॉयमध्ये, मिसिसिपी नदीच्या अलीकडे, न्यू डिझाइन नावाच्या वस्तीत आले. १७९४ च्या फेब्रुवारीत जोसाया डॉज नावाचा उपदेशक केंटकीहून आला, फाउंटन क्रीकवरचा बर्फ फोडला आणि चौघांना त्या पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. चौघांत नवराबायको दोघंही होते. दोन वर्षांनी तिथे इलिनॉयमधलं पहिलं बाप्टिस्ट चर्च झालं. १८०९ मध्ये गुलामगिरीवरून जेम्स आपल्याच चर्चसंघाशी भांडला आणि मूठभर लोक घेऊन, त्यातही बहुतेक घरचेच, कॅन्टीन क्रीकला वेगळं चर्च काढलं. त्यालाच पुढे बेथेल म्हणू लागले. सहा मुलगे, त्यातले चार उपदेशक.

इथवर सगळं छान. पण १९१५ मध्ये कागद छापून आले: म्हणे १७८४ मध्ये थॉमस जेफरसनने (हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला) लेमेनशी गुप्त करार करून, शंभर डॉलर हातावर ठेवून त्याला गुलामगिरी रोखायला इलिनॉयला धाडलं. हे कागद एका वंशजाकडून आले, सगळ्या नकला. मूळ कागद कधीच पुढे आले नाहीत. अलीकडचे अभ्यासक ते बनावट मानतात.

माझं म्हणणं: वंशजाने आजोबांना मोठं करायला जाऊन लहान केलं. स्वतःच्या बुद्धीने भांडलेला शेतकरी जेफरसनचा पगारी हस्तक झाला. आणि जेफरसन कोण, तर आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगलेला!

तिरकस
असहमत. बनावट कागद काढून टाकल्यावर हातात काय उरतं ते बघा. लेमेन गुलामगिरीविरुद्ध होता, मान्य. पण १७८७ च्या कायद्यानेच ओहायो नदीच्या उत्तरेला, म्हणजे इलिनॉयमध्येही, गुलामगिरी बंद केली होती. कायदा आधीच आपल्या बाजूने असताना भांडणं वेगळं आणि व्हर्जिनियात राहून भांडणं वेगळं.

कुरणवासी
कायदा कागदावर होता हो. फ्रेंच वस्त्यांमधले मालक आपले गुलाम बाळगून होतेच, आणि नव्याने येणारे "करारबद्ध नोकर" असं नाव देऊन तेच करत. आणि लेमेनचं भांडण सरकारशी नव्हतंच. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या धर्मबंधूशी होतं. सरकारला शिव्या घालणं सोपं, पंगतीतल्या माणसाला घालून बघा.

गव्हाची_लोंबी
सगळी चर्चा जेम्सचीच चाललीय. त्या बर्फाच्या पाण्यात कॅथरीनपण उतरली होती ना? न्यू डिझाइन म्हणजे काही रम्य माळरान नव्हतं. १७९५ चा तह होईपर्यंत किकापू या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यांच्या भीतीने लोक लाकडी गढ्यांच्या आसऱ्याने राहायचे. १७९७ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियाहून नव्याने आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे तापाने गेले. अशा ठिकाणी आठ मुलं वाढवायची, आणि नवऱ्याने चर्च फोडलं की ओळखीच्या चार घरांत आपलंही जाणं बंद. (उपदेशक चार मुलगे सगळ्यांना माहीत. नॅन्सी आणि धाकटी कॅथरीन या दोन मुलींचं कोणी विचारतही नाही.)

तिरकस
किकापूंचे हल्ले म्हणालात म्हणून आठवलं. जमीन कोणाची होती? कास्कास्किया या मूळनिवासी लोकांनी १८०३ च्या तहात इलिनॉयमधला प्रचंड मुलूख सोडला, तोवर त्यांचे फारच थोडे लोक उरले होते. लेमेन त्याच्या सतरा वर्षं आधी नांगर धरून बसलेला. एका माणसाच्या बेडीवर इतका कळवळा आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर. हे तुमच्या चरित्रनायकाच्या खात्यावर कुठे लिहिणार?

कुरणवासी
त्याच खात्यावर, शाई न बदलता. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खोडरबर
थोडं मधलं बोलतो, दोघांनी दगड मारा.

लेमेन ज्या चळवळीकडे झुकला ती केंटकीतल्या बाप्टिस्टांची, "मानवतेचे मित्र". त्यांनाही नियमाला फटी ठेवाव्या लागल्या: लहान वयाचे गुलाम पुढे ठरावीक वयाला सोडू असं लिहून देणारा मालक चालेल, नवरा गुलाम सोडायला तयार नसलेली बायको चालेल, वगैरे. लेमेनचा मुलगा, धाकटा जेम्स, इलिनॉय राज्याची घटना लिहिणाऱ्या १८१८ च्या परिषदेत प्रतिनिधी होता. त्या घटनेने नवे गुलाम आणायला बंदी केली, पण असलेल्यांना हात लावला नाही. शिवाय शॉनीटाउनच्या मिठागरांत १८२५ पर्यंत गुलाम राबवायची सवलत दिली. म्हणजे बापाने चर्च फोडलं आणि मुलगा तडजोडीच्या कागदाच्या खोलीत बसला. मला यात मुलगा खोटा वाटत नाही. बाप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र, वर बिशप नाही, पटलं नाही तर उठून निघता येतं. राज्यातून उठून कुठे जाणार?

आणि १८२४ मध्ये गुलामगिरीला दार उघडायला नवी घटना परिषद भरवावी का, यावर मतदान झालं. विरोधात ६,६४०, बाजूने ४,९७२. म्हातारा लेमेन दीड वर्ष आधी, जानेवारी १८२३ मध्येच वारला होता. निकाल त्याला कळलाच नाही.

तिरकस
४,९७२ हा आकडा सांगितलात ते बरं केलंत. म्हणजे कायदा आपल्या बाजूने होता हे माझं म्हणणं तेवढं पक्कं नव्हतं. तेवढं मागे घेतो. जमिनीचं नाही.

गव्हाची_लोंबी
त्या दोन मुलींबद्दल कोणाला काही सापडलं तर इथेच टाका.