मेफ्लॉवरवाले हाउलंड: १८५० च्या मागे कसं जायचं?

सायली_वूस्टर:
मंडळी मदत हवीय. माझ्या नवऱ्याच्या आजीचं माहेर हाउलंड, आणि सासरी सगळे ठासून सांगतात की आपण जॉन हाउलंडचे वंशज, म्हणजे तोच जो १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावरून भर वादळात समुद्रात पडला आणि दोर हाताला लागला म्हणून वाचला. पण कागद एकाकडेही नाही. मी अमेरिकेचा सेन्सस (जनगणना) बघत बघत १८५० पर्यंत पोचले, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे! नेटवर एक आयती वंशावळ मिळालीय थेट १६२० पर्यंतची, तीच घेऊ का?

जुनं_दप्तर:
नका घेऊ. अशा आयत्या वंशावळीत आई दहाव्या वर्षी बाळंत झालेली सापडते 😄 सेन्सस १८४० पर्यंत तसाच आहे, तिथे अडून राहू नका, मृत्युपत्रं आणि जमिनीची खरेदीखतं काढा. बाप मृत्युपत्रात "माझी मुलगी अमकी, तमक्याची बायको" असं लिहून जातो, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा माग त्यातूनच लागतो. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापून आल्यात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट खातं उघडून शोधा. शिवाय मेफ्लॉवर सोसायटीने (जहाजावरच्या लोकांच्या वंशजांची संस्था) पहिल्या पाच पिढ्यांवर पुस्तकं काढलीत, त्यामुळे तुम्हाला खालून वर पाचव्या पिढीला जोडून दिलं की झालं.

निनाद७७:
तारखा जपून. १७५२ च्या आधी तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जॉन वारला ती तारीख फेब्रुवारी १६७२/७३ अशी लिहितात, म्हणजे जुन्या हिशोबाने १६७२, आताच्या हिशोबाने १६७३. एक साल धरून बसलात तर एकाच माणसाचे दोन होतील.

प्लिमथकर:
घरच्या गोष्टींवर तर अजिबात जाऊ नका. जॉनची बायको प्लिमथ वसाहतीच्या गव्हर्नर कार्व्हरच्या घरातली असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत होते, १८५६ ला ब्रॅडफर्डचं (तिथलाच नंतरचा गव्हर्नर) वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित छापून आलं तेव्हा कळलं की ती एलिझाबेथ टिली. आणि मुख्य मुद्दा राहिलाच, जॉनचे दोन भाऊ आर्थर आणि हेन्री नंतर आले, मेफ्लॉवरवर नव्हते, आणि त्यांचेही वंशज हाउलंडच. न्यू बेडफर्डचे व्हेलच्या धंद्यातले बडे हाउलंड हेन्रीचे. आजीचं गाव कुठलं?

सायली_वूस्टर:
न्यू बेडफर्ड 😐 आधी खरेदीखतं बघते, सासऱ्यांना सध्या काही बोलत नाही.