ऑटोवाल्यांना पॉइंट सिस्टीम लावता येईल का?

धरमपेठकर: काल रात्री स्टेशनवरून आईला घेऊन येत होतो, तीन ऑटोवाल्यांनी मीटरनं यायला सरळ नाही म्हटलं, आई सामान घेऊन उभीच. भाचा इंग्लंडमध्ये राहते, तो म्हणे तिकडे टॅक्सीवाल्यांना कौन्सिल पेनल्टी पॉइंट देते. हे नेमकं कसं असते? आपल्याकडे महानगरपालिका करू शकते का?

बर्डीवाला: भाऊ, तिकडे टॅक्सीचं लायसन्सच कौन्सिल देते, १९७६ च्या कायद्याखाली. बॅज लावला नाही, गाडी घाण ठेवली, भाडं नाकारलं की पॉइंट चढतात, बऱ्याच ठिकाणी वर्षात १२ झाले की कमिटीपुढे उभं राहा लागते, मग सस्पेंड नाहीतर लायसन्स रद्द. ड्रायव्हिंग लायसन्सवरचे पॉइंट वेगळे बरं का, त्याच्यात गडबड करू नका. आपल्याकडे परमिट अन् बॅज आरटीओकडे, मनपाच्या हातात काही नाही.

अजनीची ताई: माझे बाबा २० वर्षं ऑटो चालवून राहिले म्हणून बोलते. पॉइंट ठेवा, पण ड्रायव्हरचं ऐकून तर घ्या! तिकडे लायसन्स गेलं तर २१ दिवसात मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते. तेवढं इथंही पाह्यजे, नाहीतर एका खोट्या तक्रारीनं घरची चूल बंद होते.

धरमपेठकर: बरोबर आहे ताई. बर्डीवाले भाऊ, आरटीओत तक्रार द्यायला ऑटोचा नंबर अन् वेळ पुरते ना? नंबर लिहून ठेवलाय, उद्याच जातो.