टर्फचं फूटिंग कधी आणि कसं? (काउंटी मेयो, आयर्लंड)

रानवाट: शेजारच्या आजोबांच्या बॉगवर (दलदलीच्या जमिनीवर) मशिनने टर्फ, म्हणजे वाळवून जाळायची दलदलीतली माती, विटांसारखी कापून ओळी पसरल्यात. फूटिंगसाठी, म्हणजे वाळायला, विटा कधी उभ्या करायच्या नि कशा? शिवाय विस्तव रात्री राखेत ठेवून सकाळी त्यावरच पेटवतात, ते कसं?

खडूस: तारीख नको, वीट बघा. ताज्या टर्फमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वर साल धरली की एक वीट टोकाला धरून उचला. वाकली किंवा मोडली तर थांबा. कोरडा वारा असेल तर दहा-पंधरा दिवस पुरतात, पाऊस लागला की काही खरं नाही.
मग पाच-सहा विटा उभ्या करून माथे एकमेकांना टेकवायचे, ओली बाजू बाहेर, वर एक आडवी. नवखे हमखास गच्च रचतात. आत वारा खेळत नाही, बाहेरून खडखडीत आणि पोटात चिखल! पुरता वाळलेला टर्फ पुन्हा फारसं पाणी पीत नाही, पण ओल्या विटेला दहिवर गोठलं की भुगा होतो. म्हणून कापणी एप्रिलनंतर. वरच्या थरातला फिकट टर्फ भुर्रकन जळतो. खालचा काळा जड असतो, धग टिकते.
वारा पडला की चिलटं फोडून काढतात. लांब बाह्यांचा शर्ट घाला.

निखारा: विस्तवाचं तंत्र राखेत आहे. निखारे एकत्र ओढून कोरड्या, बारीक राखेने पूर्ण झाका. थर पातळ पडला तर पहाटेपर्यंत जळून जातात, राख ओलसर असली तर गुदमरतात. सकाळी राख बाजूला सारून फिकट टर्फचे तुकडे ठेवा. हे उघड्या चुलीचं झालं. बंद स्टोव्ह असेल तर धुराडं पूर्ण बंद करू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

चौकस: एक भर. १ मे रोजी कुणाला निखारा किंवा राख द्यायची नाही, घराची बरकत आणि लोणी त्याबरोबर जातं, अशी जुनी समजूत. १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी गावोगावच्या अशा गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या, त्या दुखस (duchas.ie) या संकेतस्थळावर गावानुसार वाचता येतात.
आणि उरलेला टर्फ ऑनलाइन विकायचा विचार असेल तर सोडा. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन, जाहिरात देऊन किंवा दुकानातून विकायला बंदी आहे. कापायचा हक्क असलेल्याने घरी जाळावा, शेजाऱ्याला द्यावा, त्याला हरकत नाही.