मदत हवी आहे : १९९१ सालचा व्हिडिओ-८ कॅमेरा बंद पडला आहे आणि कॅसेट आत अडकली आहे (ठाणे)

नमस्कार.

माझे धाकटे काका १९९१ साली दुबईला नोकरीला होते. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी सुटीवर येताना त्यांनी एक व्हिडिओ-८ (आठ मिलिमीटर रुंद टेपच्या छोट्या कॅसेटचा) कॅमेरा आणला होता आणि नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात त्या दिवशीचे सगळे चित्रीकरण त्यांनी स्वतः केले. गेल्या महिन्यात माळा आवरताना तो कॅमेरा सोलापुरी चादरीत गुंडाळलेला सापडला. साधारण बारा वर्षांपूर्वी वडील ती कॅसेट पाहत असताना कॅमेरा मध्येच बंद पडला, तेव्हापासून कॅसेट आतच आहे. आजी १९९६ साली गेली. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या आणि तिचा आवाज आमच्याकडे दुसऱ्या कशावरही नाही. कॅमेरा चालू व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु त्याहून मोठी काळजी कॅसेटची आहे.

कॅमेऱ्याच्या तळाची पट्टी झिजली असून तिच्यावर ‘व्हिडिओ ८’, ‘पाल’ (PAL, टीव्ही-चित्राची एक पद्धत) आणि ‘६ व्होल्ट’ एवढेच वाचता येते. मूळ निकेल-कॅडमियम बॅटरी पूर्ण संपलेली आहे, म्हणून मी सोबत मिळालेला अडॅप्टर आधी मल्टिमीटरने तपासला, तो ७.५ व्होल्ट देतो. तो जोडून कॅमेऱ्याचा खटका ‘प्लेअर’वर ठेवला की लाल दिवा दोन-तीन सेकंद लागतो, आतून मोटर क्षणभर घरघरते आणि पुन्हा सगळे शांत होते. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडही येत नाही. इजेक्टचे बटण दाबल्यावर बाहेरचे झाकण किंचित हलते, आतला कप्पा मात्र उचलला जात नाही. झाकणाच्या छोट्या खिडकीतून टॉर्च मारला तर लेबलावर काकांच्या अक्षरातला ‘आई’ हा शब्द दिसतो आणि टेप दोन्ही चकत्यांवर वाटली गेलेली दिसते, म्हणजे ती मध्यावर कुठेतरी थांबलेली आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी : झाकणाच्या फटीशी नाक नेले की सुकटीसारखा हलका वास येतो. आधी मला तो माळ्याच्या ओलीचा वाटला, पण कॅमेरा आठवडाभर कोरड्या कपाटात ठेवूनही गेलेला नाही.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्यांना कॅमेरा दाखवला. त्यांनी पाहताक्षणीच झाकण पकडीने उचकटून कॅसेट ओढून काढू असे सांगितले, तेव्हा मी तो उचलून घरी आणला. टेप आतल्या ड्रमभोवती (टेप वाचणारे हेड ज्यावर असतात तो फिरता दंडगोल) गुंडाळलेली असताना कॅसेट ओढणे म्हणजे ती टेप तोडणेच आहे, असे मला वाटते. माझी ही समजूत बरोबर आहे का? कॅसेट सुखरूप काढण्याची रीत कोणी स्वतः केलेली असेल तर कृपया सविस्तर सांगावी. त्या वासाचा अर्थ काय, आणि एवढे जुने यंत्र पुन्हा चालू करण्याच्या मागे लागावे की नाही, याबद्दलही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

प्रतिसाद (वाशी)

नमस्कार. तुम्ही कॅमेरा परत आणलात हे फार चांगले केलेत. मी अनेक वर्षे व्हीसीआर आणि कॅमेरे दुरुस्त केले आहेत, त्यावरून लिहितो.

आता अडॅप्टर पुन्हा जोडू नका. सुकटीसारखा वास हा बहुधा गळलेल्या कॅपॅसिटरचा (सर्किटमधल्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा) आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या बारीक इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरमधला द्रव कालांतराने पाझरतो आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. अशा बोर्डाला वारंवार वीज दिली तर नुकसान वाढते. मोटर क्षणभर फिरून थांबते त्याचेही हेच कारण असू शकते, किंवा यंत्रणेतले ग्रीस गोंदासारखे घट्ट झाले असेल.

टेपविषयी तुमची समजूत बरोबर आहे. कॅसेट आत बसली की दोन खुंट्या टेप बाहेर ओढून तिरक्या बसवलेल्या ड्रमभोवती गुंडाळतात, आणि पाल पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. व्हिडिओ-८ मध्ये आवाजसुद्धा चित्राबरोबर त्याच फिरत्या हेडने नोंदला जातो. व्हीएचएसप्रमाणे कडेला वेगळी ध्वनिपट्टी नसते. त्यामुळे टेप जिथे चुरगळेल तिथले चित्र आणि आजींचा आवाज दोन्ही एकदमच जातील.

बॅटरी आणि अडॅप्टर काढून कॅसेटच्या बाजूचे आवरण उघडा. व्ह्यूफाइंडर जुन्या पिक्चर ट्यूबचा असेल, तर त्याच्या भागाला हात लावू नका, तिथे उच्च दाबाची वीज असते. लोडिंग मोटरच्या (त्या खुंट्या हलवणाऱ्या मोटरच्या) दांड्यावर मळसूत्रासारखे एक छोटे गिअर दिसेल. ते घड्याळजीच्या पेचकसाने अगदी सावकाश फिरवा आणि खुंट्या ड्रमकडून कॅसेटकडे येत आहेत ना, हे पाहत राहा. उलट जात असतील तर दिशा बदला. टेप सैल पडू लागली की थांबून चकती बोटाने फिरवायची आणि सैल झालेली टेप आत घ्यायची, मग पुन्हा गिअर. दोन माणसे असतील तर सोपे जाते. ड्रमला बोट लागता कामा नये आणि कानकोरणीचा कापूस तर अजिबात वापरू नका, त्याचे धागे हेडमध्ये अडकतात.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. कॅपॅसिटर बदलून तो चालू होऊ शकेल आणि सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधता येतील, पण एकुलती एक कॅसेट पहिल्यांदा त्यातच चालवून पाहू नका. १९९९ साली डिजिटल-८ कॅमेरे आले. त्यांतली काही मॉडेल व्हिडिओ-८ च्या जुन्या कॅसेट चालवतात आणि फायरवायरच्या तारेतून संगणकाला थेट डिजिटल चित्र देतात. असा चालू कॅमेरा मिळवा, तो पाल पद्धतीचाच आहे याची खात्री करा, आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून तो टेप खात नाही ना ते पाहा.

मूळ प्रश्नकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. काल रात्री पुतण्याला सोबत घेऊन आवरण उघडले. तो टॉर्च धरून चकती फिरवत होता आणि मी गिअर. पाऊण तास लागला, पण कॅसेट बाहेर आली आणि टेप तुटलेली नाही. वडील शेवटपर्यंत शेजारी उभे होते. कॅसेट हातात दिल्यावर त्यांनी लेबलावरून अंगठा फिरवला आणि ती देवघरात नेऊन ठेवली.

आता दोन गोष्टी दिसत आहेत. जिथे टेप ड्रमवर होती तिथे साधारण दीड इंच आडवी घडी पडली आहे. शिवाय खिडकीतून पाहिल्यावर डाव्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे, पिठासारखे ठिपके दिसतात. ही बुरशी असेल तर ती दुसऱ्या कॅमेऱ्याच्या हेडवर जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून कॅसेट कशातही लावलेली नाही. व्हिडिओ-८ च्या टेपवरची बुरशी ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईत कोणी साफ करून घेतली आहे का, आणि ती साफ करताना टेप कॅसेटच्या डबीतून बाहेर काढावी लागते का?