ब्राउझरशी पहिली गाठ कशी पडली? तुमचे अनुभव लिहा

पोवईनाका : काल आईला (वय ६८) भावाचा जुना लॅपटॉप लावून दिला. तिचा पहिलाच प्रश्न, "गुगल उघडलं की इंटरनेट चालू होतं ना?" आणि मला एकदम २००५ सालचा आमच्या साताऱ्यातला सायबर कॅफे आठवला. नाक्याजवळ जिना चढून वर, प्लायवूडचे कप्पे. बारावीचा निकाल बघायला गेले होते. निकालाचा पत्ता कागदावर लिहून नेलेला, पण तो मी पानाच्या मधल्या शोधायच्या चौकटीत टाकत होते आणि भलतंच काहीतरी उघडत होतं. वीस मिनिटं गेली, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कॅफेवाले काका उठून आले. म्हणाले, "पोरी, कुठल्या गावाला जायचं ते ठाऊक असताना चौकशीच्या खिडकीला रांग का लावतीस? ब्राउझर ही तुझी एसटी. वरची पट्टी म्हणजे गाडीची पाटी, तिथं गावाचं नाव लिही. शोधायची चौकट म्हणजे चौकशी. गाव माहीत नसलं तरच तिकडं जायचं."

काल आईला हेच सांगितलं. पण आता एक अडचण आहे. तेव्हा पट्टी आणि चौकट वेगवेगळ्या होत्या. २००८ला गुगलचं ब्राउझर क्रोम आलं तेच एका पट्टीत दोन्ही कामं घेऊन. पाटीही तीच, चौकशीही तीच. त्यामुळे नवीन माणसाला गुगल म्हणजेच ब्राउझर वाटणारच, आईचं काही चुकलं नाही. मी तिला तीन बुकमार्क (दाबलं की थेट ते पान उघडणाऱ्या खुणा) वर लावून दिले : पेपर, लाईट बिल, सातबारा. तुम्ही घरच्यांना कसं शिकवलं? तुम्हाला कुणी शिकवलं?

कृष्णाकाठ_सांगली : एसटीचं उदाहरण फार आवडलं. त्यात वडापवाले (खाजगी जीपवाले) पण घाला! चौकशीपाशी गेलं की "चला कोल्हापूर कोल्हापूर" करत आधी तेच हात धरतात. शोधल्यावर सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेलं येतं ते हेच. पैसे देऊन वर बसलेले. सगळे वाईट नसतात, पण आमच्या बाबांनी बँकेचा मदत नंबर असाच शोधला, वरचा पहिला लावला आणि १४ हजार गेले. तीन रात्री झोपले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच तक्रार केली म्हणून काही रक्कम गोठवता तरी आली. तेव्हापासून बँकेचा पत्ता पासबुकावरून बघून स्वतः टाकायचा, एकदा बुकमार्क केला की परत शोधायचं नाही.

माणदेशी : कुठला कॅफे? खाली वडापावची गाडी होती तो?

पोवईनाका : @माणदेशी हो हो तोच! आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

माणदेशी : त्या गाडीवरची लसणाची चटणी... दहिवडीवरून कॉलेजला यायचो, दुपारचं जेवण तेच.

हळदपेठ : चौकोन!! चौकोन कुणाला आठवतात का? मराठी पेपर उघडला की पानभर चौकोन नाहीतर रोमन अक्षरांचा काला. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा. युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) आलं तरी विंडोज एक्सपीवर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसायची, 'क्ष'चे तुकडे व्हायचे. विश्रामबागेत संगणक क्लासला शिकवायचो तेव्हा प्रत्येक मशीनवर प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांची खूण करायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. सीडी एक, मशीन बारा. पण पहिलं मशीन नीट मराठी दाखवायला लागलं त्या दिवशी सगळी बॅच खुर्च्या सोडून त्याच्याभोवती गोळा झाली होती. ते मी विसरणार नाही.

वालचंदी२००६ : होस्टेलवर एकाने पेनड्राईव्हवरून फायरफॉक्स ब्राउझर टाकला, टॅब पहिल्यांदा तेव्हा बघितले. एकाच खिडकीत पाच पानं! निळ्या ई मध्ये, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, टॅब २००६ला आले. त्या ई चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ला बंद केला, बातमी वाचून खरंच वाईट वाटलं.

कराडची_सून : घाईत लिहितेय. फॉर्म भरायला दुकानात गेले होते, 'पासवर्ड जतन करायचा का' ला हो म्हटलं आणि मेल उघडं ठेवून घरी. दुकानदार दादा भला माणूस, फोन करून म्हणाले ताई या आणि बंद करून जा. दुसऱ्याच्या मशीनवर गुप्त खिडकी (इन्कॉग्निटो) उघडा, बंद केली की इतिहास आणि लॉगिन त्या मशीनवर राहत नाही. पण ज्यांचं नेट आहे त्यांना आपण कुठं गेलो ते कळू शकतं, तेवढं लक्षात असू द्या. कुकर झाला, येते.

बेदाणा : तासगावच्या दुकानात कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सारखं "व्हायरस आला, इथे दाबा" यायचं. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायचे पैसे मागत होता. भाचीनं दोन मिनिटांत बघितलं. व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साइटनं 'सूचना दाखवू का' विचारलं होतं, आम्ही परवानगी दिलेली. सेटिंगमध्ये साइटच्या परवानग्या, त्यात सूचना, तिथून नाव काढलं. गप्प. आता घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, विचारलं की नाही म्हणा.

कृष्णाकाठ_सांगली : @बेदाणा भाचीला माझ्याकडून आईस्क्रीम.

वाईकर : सातबाऱ्याचं बटण दाबलं तरी काहीच उघडत नाही म्हणून मी दोनदा तलाठ्याकडे हेलपाटा घातला. ब्राउझर नवी खिडकी अडवत होता. पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह येतं, ते दाबून त्या साइटपुरती पॉप-अपला परवानगी द्यायची. फक्त त्या साइटपुरती.

हळदपेठ : @वाईकर पाऊस आहे का तिकडं?

वाईकर : कालपासून संततधार. धोम भरत आलंय.

माणदेशी : आमच्याकडं पाठवा थोडा.

पोवईनाका : सातबाऱ्याचं आताच केलं, उघडला! धन्यवाद वाईकर. आईला अक्षर बारीक वाटतंय, काय करू?

वालचंदी२००६ : कंट्रोल दाबून धरा आणि अधिकचं बटण. १२५ टक्के ठेवा. त्या साइटसाठी ते लक्षात ठेवतं, रोज करावं लागत नाही.

पोवईनाका : झालं. आज पेपरचा पत्ता तिनं स्वतः पट्टीत टाकला. आता विचारते, "कुकीज स्वीकारा म्हणजे काय?" सोप्या भाषेत सांगाल का कुणी?

कराडची_सून : आले परत. परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण घालतो ना, तसं. खूण आपल्याच कपड्यावर राहते, पुढच्या वेळी तो ती बघून ओळखतो. साइट तशी आपल्या ब्राउझरमध्ये खूण ठेवते.

हळदपेठ : छान सांगितलंत. फक्त एकाच्या दुकानात गेलं की दुसरेच परीट पण खुणा घालून जातात, जाहिरातवाले. सेटिंगमध्ये थर्ड पार्टी कुकीज बंद करता येतात.

पोवईनाका : करते. आई म्हणतेय, परटाला घालू दे, बाकीच्यांना नको.