जुन्या कन्सोलचे जड खेळ: संगणकावर एम्युलेटर की मूळ यंत्र?

धरमपेठकर:
प्लेस्टेशन ३चे खेळ यापुढे संगणकावर, आरपीसीएस३ या एम्युलेटरवरच (म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरच) खेळावेत, असे माझे ठाम मत आहे. सोनीचा हा कन्सोल, म्हणजे खेळांचे यंत्र, २००६ साली आला. आज जुन्यात मिळणाऱ्या नगांपैकी कशाचे लेझर डिस्क वाचत नाही, तर कशाचा पंखा सतत घोंघावतो. शिवाय २००९चा ‘डेमन्स सोल्स’ हा खेळ मूळ यंत्रावर ७२०पी दर्जात, सेकंदाला ३० फ्रेमने (चित्रांनी) चालतो. तोच खेळ दमदार संगणकावर कितीतरी स्पष्ट अशा ४के दर्जात आणि पॅच (खेळाच्या कोडमधला छोटा बदल) लावल्यास ६० फ्रेमनेही चालतो. इतका सुंदर खेळ यंत्रासोबत मरू द्यायचा का?

महालकर:
मी पूर्णपणे असहमत आहे. ‘दमदार संगणक’ हे दोन शब्द आपण फार सहज लिहून गेलात. त्या कन्सोलच्या सेल प्रोसेसरमध्ये एका मुख्य कोअरच्या (गणन करणाऱ्या भागाच्या) जोडीला खेळांसाठी सहा लहान कोअर असत, प्रत्येकाला स्वतःची अवघी २५६ केबी मेमरी असे, आणि नामवंत स्टुडिओंनी आपला कोड याच रचनेला बेतून लिहिला होता. हे सगळे संगणकाला खेळ चालू असतानाच स्वतःच्या भाषेत उतरवून घ्यावे लागते, म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊनही प्रोसेसर कमी पडला की खेळ अडखळतोच. त्यात आपला नागपूरचा मे महिना! बाहेर पारा ४५ अंशांवर, खोलीत कूलरची दमट हवा, आणि प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग आपणच कमी करतो. एवढ्या खर्चात चांगल्या स्थितीतला जुना कन्सोल घेऊन, तो नीट साफ करून, चिपची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट लावून घेतली तरी पैसे उरतील.

प्रतापनगरकर:
कायद्याची बाजूही पाहावी. एम्युलेटर बनवणे हाच गुन्हा आहे, हा समज चुकीचा आहे. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला होता. एम्युलेटरला लागणारे प्लेस्टेशन ३चे फर्मवेअर (यंत्राची अंगभूत प्रणाली) तर सोनीच्याच संकेतस्थळावर मिळते. मात्र त्याआधीच्या प्लेस्टेशन २चा बायोस (यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) स्वतःच्या यंत्रातूनच काढावा, आणि खेळाची डिस्कही स्वतःची असावी.

धरमपेठकर:
महालकरजी, उन्हाचा मुद्दा रास्त आहे, पण तो मूळ यंत्रालाही लागू होतो. प्लेस्टेशन ३चे सुरुवातीचे नग पिवळा दिवा दाखवून कायमचे बंद पडत, हे सर्वश्रुत आहे. संगणकाचा पंखा बदलता येतो, प्रोसेसर बदलता येतो. आणि २००५चा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ आठवा: प्लेस्टेशन २वर तो महाकाय जीव हलू लागला की फ्रेम घसरत. तो खेळ रचणाऱ्यांच्या मनातली भव्यता मला एम्युलेटरवरच नीट दिसली.

महालकर:
चित्र सुधारते, हे मान्य. पण हाताचे काय? प्लेस्टेशन २ आणि ३च्या कंट्रोलरची बटणे दाब ओळखत. ‘मेटल गिअर सॉलिड ३’मध्ये चौकोनी बटण दाबून नेम धरायचा, झटक्यात सोडले तर गोळी सुटते आणि अलगद सोडले तर बंदूक खाली येते. आजचे बहुतेक कंट्रोलर हा फरक ओळखत नाहीत. निदान मूळ कंट्रोलर तरी जपून ठेवा आणि तोच संगणकाला जोडा.