ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्सची टूर, सोबत ६८ वर्षांची आई: कुठल्या प्रकारची घ्यावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन नॉर्वेला ट्रोम्सोला जायचं ठरतंय. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची, ध्रुवीय प्रकाशाचा धडा तिने किती वर्षं शिकवला असेल देव जाणे, पण स्वतः कधी बघितला नाही. बाबा गेल्यापासून ती कुठे जायचं म्हटलं की नाहीच म्हणायची, यावेळी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली की चल जाऊ. त्यामुळे मला हे नीट जमवायचंय.
वय ६८, बीपीची गोळी चालू, एक गुडघा दुखतो, सपाटीवर चालते पण घसरड्यावर भीती. रात्रीची टूर म्हणजे सहा सात तास असं वाचतेय, मोठ्या बसची टूर निम्म्या पैशात मिळतेय आणि छोट्या मिनीबसची दुप्पट, फरक नक्की काय पडतो? आमच्याकडे तिथे तीनच रात्री आहेत. थंडीचे कपडे इथून घ्यावेत का? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

ऑस्लोनिवासी:
ताई, मी बारा वर्षं नॉर्वेत आहे, ट्रोम्सोला चार हिवाळे पाहुण्यांना घेऊन गेलोय, त्यात एकदा माझे सासू सासरे होते. सगळ्यात आधी एक सांगतो, तीन रात्री कमी आहेत, जमलं तर चार करा, आणि नाहीच जमलं तर टूर पहिल्याच रात्रीची बुक करा. बरेच जण शेवटच्या रात्रीची घेतात, तेव्हा ढग आले की हातात काही उरत नाही. पहिल्या रात्री नाही दिसलं तर पुढच्या दोन रात्री हातात असतात.
आता बसचं. ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेला आहे, आर्क्टिक सर्कलच्या साडेतीनशे किलोमीटर वर, म्हणजे प्रकाशाचा जो पट्टा ध्रुवाभोवती असतो त्याच्या जवळजवळ खालीच. तिथे लाइट्स असतात की नाही हा प्रश्न फार क्वचित येतो, प्रश्न ढगांचा असतो. समुद्राकाठचं गाव, समुद्र गोठत नाही, ओला वारा सतत आत येतो आणि आभाळ भरून राहतं. गाइडचं खरं काम ढगांत भोक शोधायचं आहे. मिनीबसवाला गाइड संध्याकाळी चार पाच वाजता उपग्रहाचे फोटो आणि नॉर्वेच्या हवामान खात्याचा अंदाज बघतो आणि मग ठरवतो, आज क्वालोया बेटावर जायचं की शिबोतनच्या खोऱ्यात की थेट फिनलंडची हद्द ओलांडून किल्पिसयार्वीला. लिंगेनचे डोंगर मध्ये असल्याने शिबोतनच्या बाजूला पाऊस बर्फ कमी पडतो, आभाळ बरंच वेळा मोकळं असतं. ट्रोम्सो विद्यापीठाने वेधशाळा उगाच तिथे बांधलेली नाही. किल्पिसयार्वी दीडशे किलोमीटरच्या वरच आहे, जायलाच दोन अडीच तास.
मोठ्या बससुद्धा जातात लांब, सगळ्याच एका जागी उभ्या राहतात असं नाही, पण पन्नास माणसं उतरवायची चढवायची म्हणजे जागा बदलणं जड जातं. छोट्या गाडीत आठ ते पंधरा माणसं असतात, ढग आले की पाच मिनिटांत गाडी पुढे. माझ्या मते पैसा वाचवायचा असेल तर हॉटेलवर वाचवा, इथे नको. मिनीबसला माणशी १५०० ते २२०० क्रोनर पकडून चाला, तेरा ते वीस हजार रुपये.

काकू ठाण्याच्या:
मी साठीनंतर गेले होते म्हणून लिहिते. मला मोठी बस बरी वाटली असती, कारण मोठ्या बसमध्ये टॉयलेट असायची शक्यता तरी असते. आमच्या मिनीबसमध्ये नव्हतं, पेट्रोल पंपावर एकदा थांबले आणि नंतर जे काय ते झाडामागे, गुडघाभर बर्फात, थर्मलचे तीन थर सोडून. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय बाई, तुझ्या आईला बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची वेळ बदलता येईल का बघ. बुक करताना इमेलने सरळ विचार की टॉयलेटची सोय काय आणि बसल्या बसल्या बघता येईल का, म्हणजे खुर्ची मिळते का. आमच्या गाइडने रेनडिअरच्या कातड्याच्या बैठका पसरल्या होत्या शेकोटीभोवती पण खाली बसून उठणं गुडघ्यांना होत नाही.
खायला गरम चॉकलेट आणि बिस्किटं, काही ठिकाणी पाणी ओतून फुगवायचं जेवण देतात, शाकाहारी आधी सांगितलं तर मिळतं. मी मेथीचे ठेपले आणि भाजके दाणे नेले होते. नॉर्वेत युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे, चितळ्यांची बर्फी काही घेऊ नकोस, दोन दिवसांचा प्रवास करून विमानतळावर टाकावं लागलं तर जीव हळहळतो.

फोटोवेडा:
एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा. फोटोत जो हिरवागार रंग दिसतो तो डोळ्यांना दरवेळी तसा दिसत नाही. प्रकाश मंद असला तर डोळा रंग ओळखतच नाही, राखाडी पांढरट ढगासारखा पट्टा दिसतो आणि माणसाला वाटतं हे काय, एवढ्यासाठी आलो. तेव्हा मोबाईल नाइट मोडवर तीन सेकंद स्थिर धरून फोटो काढायचा, त्यात हिरवा आला की समजायचं तोच आहे. आणि मग तो जोर धरतो तेव्हा रंग डोळ्यांनाही दिसतो, खाली गुलाबी किनार पळताना दिसते, ते कुठल्याच फोटोत येत नाही कारण ती हालचाल आहे. हिरवा म्हणजे साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन, लाल त्याच्याही वरचा ऑक्सिजन, ती गुलाबी जांभळी कड नायट्रोजनची.
थंडीत बॅटरी झपाझप उतरते, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, पॉवरबँकसुद्धा. आणि कॅमेरा बाहेरून गाडीत आणताना झिपच्या पिशवीत बंद करून आणा नाहीतर काचेवर पाणी धरतं. गाइड बहुतेक सगळ्यांचे फोटो स्वतःच्या कॅमेऱ्याने काढून नंतर पाठवतात, बुकिंगच्या वेळी हे विचारून घ्या म्हणजे आईसोबतचा फोटो कुणीतरी दुसरं काढेल आणि तुम्ही बघू शकाल.
केपी आकड्याचं (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा जोर, शून्य ते नऊ) अ‍ॅप बघून निराश होऊ नका. लोक म्हणतात केपी पाच पाहिजे, ते ऑस्लोत किंवा त्याच्या खाली राहणाऱ्यांसाठी, ट्रोम्सोत एक दोनलाही दिसतं.

लेह ते लंडन:
गाडी भाड्याने घेऊन स्वतः का नाही जात? आम्ही दोघं लेहला गाडी चालवलेली माणसं, मागच्या वर्षी तिथे चालवली, एका टूरच्या पैशात तीन रात्री फिरलो. एर्सफ्यूर्डबोतन गावाच्या शेवटाला फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, काठी उभं राहून दोन तास बघितलं, जवळच आहे, अर्धा तास. बाकी १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही लाल अरोरा, म्हणजे हाच ध्रुवीय प्रकाश, टिपला होता, त्या सौरवादळाचे फोटो बघूनच आमच्या डोक्यात हे शिरलं.

ऑस्लोनिवासी:
दादा, तुमचा हात बसलेला असेल, पण ताईंना मी नाही म्हणेन. तिथे रस्त्यावर पाण्यासारखा पातळ बर्फ असतो, वरून ताजा पडलेला असला की खालचा दिसत नाही, अंधारात रेनडिअर नाहीतर मूस (मोठं हरीण) आडवा येतो, आणि दर हिवाळ्यात पर्यटकांच्या गाड्या कडेच्या खड्ड्यात गेलेल्या दिसतात. आभाळ बघत बघत गाडी चालवणं, मग मिळेल तिथे रस्त्याकडेला थांबणं, हे तर फारच धोक्याचं. आई सोबत असताना रात्री दोन वाजता कुणालातरी मदतीला बोलवायची वेळ नको.
कपड्यांचं राहिलं. बहुतेक मिनीबसवाले जाड वन पीस सूट आणि बूट देतात, त्यामुळे तो खर्च नको. इथून फक्त लोकरीचे आतले थर घ्या, मेरिनो लोकर मिळाली तर उत्तम, सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवते आणि मग थंडी हाडात जाते. ट्रोम्सो गावात उणे तीन चारच असतं, कपडे बघून वाटतं एवढ्याची काय गरज, पण शिबोतनला किंवा फिनलंडच्या बाजूला तेच उणे वीस पंचवीस होतं. मोजे दोन चढवले तरी बूट घट्ट व्हायला नको, घट्ट बुटात पाय आधी गारठतात. बुटांखाली लावायचे काटे, तिकडे ब्रोद्देर म्हणतात, गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात, उतरल्या दिवशी पहिली खरेदी तीच करा. आईंच्या गुडघ्यासाठी त्याहून मोठा उपाय नाही. आणि हो, मूळ पासपोर्ट टूरला जवळ ठेवा, फिनलंडमध्ये शिरायची वेळ आली तर. दोन्ही शेंगेनमध्येच आहेत तेव्हा व्हिसा तोच चालतो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, टॉयलेटचं तुम्ही लिहिलंत ते मी कधीच विचारलं नसतं, डॉक्टरांशी बोलले, संध्याकाळची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. चौथी रात्र वाढवली. पहिल्या रात्रीची आठ जणांची मिनीबस बुक केलीय, घडीची खुर्ची देतो म्हणालेत. परत आले की लिहीन.

गोदाकाठ (परतल्यावर):
लिहायला उशीर झाला. पहिल्या रात्री सहाला निघालो, ट्रोम्सोत बर्फ पडत होता, गाइडने क्वालोयाचा विचार सोडला आणि शिबोतनकडे निघाला, तिथेही ढग, मग सरळ फिनलंड. किल्पिसयार्वीच्या पुढे साडेदहाला गाडी थांबवली तेव्हा उणे चोवीस होतं आणि वर सगळे तारे. तासभर काही नाही. आठ जणांपैकी दोघं गाडीतच झोपले. मी आईला म्हटलं आत बस, ती म्हणे नाही, खुर्ची आणली कशाला.
फोटोवेडा, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, उत्तरेला एक पांढुरका पट्टा आला, मी फोन धरला तर हिरवा. आईला दाखवला. ती फोनकडे बघेना, वर बघत म्हणाली हा पूर्व पश्चिमच का पसरलाय गं, विचार त्याला. मी गाइडला विचारलं तर तो एकदम तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि बर्फात बोटाने गोल काढून सांगायला लागला, की चुंबकीय ध्रुवाभोवती हे कडं असतं आणि आपण त्याचा छोटासा तुकडाच बघतो, म्हणून तो आडवा दिसतो. आई मराठीत बोलत होती, तो इंग्रजीत, मी मध्ये. त्याच्या हातातल्या फोनवर एक आलेख चालू होता, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला एक उपग्रह आहे, तो सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, ते दक्षिणेकडे वळलं की अर्ध्या तासाने तासाभराने इथे जोर येतो. गाइड म्हणाला आता वळलंय, थांबा.
अकरा चाळीसला तो पट्टा मध्येच वाकला आणि अख्खं आभाळ हललं. मला तेवढंच लिहिता येतंय. डोक्यावरून सगळीकडे किरणं खाली येत होती, हिरवी, कडेला गुलाबी, बर्फावर उजेड पडला होता, आईचा चेहरा मला टॉर्चशिवाय दिसत होता. सात आठ मिनिटं. झोपलेले दोघंही बाहेर आले.
हॉटेलवर पोचायला पावणेतीन वाजले. पुढच्या तिन्ही रात्री ट्रोम्सोत आभाळ भरलेलंच होतं, एकदाही दिसलं नाही. ऑस्लोनिवासी, पहिल्या रात्रीचं तुमचं ऐकलं नसतं तर आम्ही हात हलवत परत आलो असतो.

सांगलीची:
वाचून छान वाटलं ताई. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं म्हणतोय, तेव्हा सूर्यच उगवत नाही ना?

गोदाकाठ:
हो, तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येत नाही, पण दुपारी दोन तीन तास निळसर उजेड असतो म्हणे, अगदी काळोख नाही. मुलीसाठी टूरची वयाची अट आधी वाच, काही छोट्या गाड्या लहान मुलांना घेत नाहीत, आणि रात्री दोन तीनपर्यंत जागायचं म्हणजे दुपारी तिला झोपवून ठेव. आमचे ब्रोद्देर घरी पडून आहेत, आईचे तुझ्या मापाचे असतील तर कुरिअर करते, सांग.